मूल स्वतःला शिकणारं कधी मानू लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवता, शिकवण्याचं हे तुमचं दुसरं वर्ष. वर्गातली बरीच मुलं फळ्यावरचं नीट उतरवून घेतात, पण स्वतःहून काही करून बघत नाहीत. काही जण 'मला गणित जमतच नाही' म्हणून वही मिटतात. जी हुशार समजली जातात ती 'हे परीक्षेला आहे का?' याच्या पलीकडे जात नाहीत. तुम्ही त्यांच्याशी बोललात, 'प्रत्येकाला शिकता येतं' असा तक्ता भिंतीवर लावलात, काही आठवडे ते वाक्य वर्गाकडून म्हणवूनही घेतलंत, पण फरक पडला नाही. या मुलांना 'आपण शिकणारे आहोत' असं मनापासून वाटावं म्हणून काय करायचं, असं तुम्ही विचारताय.

आधी प्रश्न जरा वेगळा मांडते, कारण उपाय त्यावर ठरतो. वही मिटणारा मुलगा आणि 'परीक्षेला आहे का' विचारणारी मुलगी ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे. दोघांच्याही लेखी वर्ग ही मोजमाप होण्याची जागा आहे. त्याचं मोजमाप झालंय, ते वाईट आलंय, आता पुन्हा कशाला मोजून घ्या. तिचं चांगलं आलंय, आणि ते घसरू नये एवढीच तिची धडपड. कालपर्यंत न येणारी गोष्ट आपण काहीतरी केल्यामुळे आज येऊ लागली, हा अनुभव दोघांनाही येत असतो. पण त्याची नोंद कुठेच होत नाही. नोंद होते ती मार्कांची. मग मूल स्वतःबद्दल मत बनवायला बसतं तेव्हा त्याच्या हाताशी पुरावा असतो तो तेवढाच.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो. मुलाला त्याच्याच अक्षरातला, त्याच्याच वहीतला पुरावा दाखवायचा की तू शिकलास. आणि तो बदल कशामुळे झाला हे त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं. बाकीचं जे सांगणार आहे ते यातूनच निघतं.

यातलं काय जमेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पट किती आहे, मार्क कसे आणि कधी द्यायचे हे तुमच्या हातात आहे का, अभ्यासक्रम रेटण्याची घाई किती आहे, मुलांची घरची भाषा आणि शाळेची भाषा एकच आहे का, या सगळ्याने फरक पडतो. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी पाच मिनिटं बोला असा सल्ला देण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते: ज्या मुलाला इयत्तेचं पुस्तक वाचताच येत नाही, त्याला आत्मविश्वासाची नव्हे, वाचन शिकवण्याची गरज आहे. त्याच्या बाबतीत 'मला जमत नाही' हे वाक्य खरं आहे, आणि आपण ते खोडून काढत बसलो तर तो आपल्यावरचा विश्वास गमावतो. हे मूल वेगळं ओळखा. खाली जे लिहितेय ते त्याच्या उपयोगी पडेल, पण नंतर.

आता, तक्त्याने फरक का पडला नाही? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली 'हे मला जमेल' या विश्वासाची चार मुळं मांडली: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था, म्हणजे धडधड, घाम, भीती वगैरे. यातलं सर्वांत भक्कम मूळ पहिलं. धीर देणारे शब्द त्या मानाने दुबळे; पहिल्या अपयशाबरोबर ते गळून पडतात. तुमचा तक्ता म्हणजे धीराचे शब्द. त्यात वाईट काही नाही, फक्त त्यांच्या पाठीशी मुलाचा स्वतःचा अनुभव उभा नाही. 'प्रत्येकाला शिकता येतं' हे वाचताना ते मूल मनात म्हणतं, प्रत्येकाला येत असेल, मला नाही.

मग स्वतः करून मिळालेलं यश द्यायचं कसं? इथे बहुतेक जण सोपी उदाहरणं देतात. 'हे बघ, आलं की नाही!' असं म्हणतात. सातवीतल्या मुलाला चौथीचं उदाहरण दिलं की त्याला ते चौथीचं आहे हे बरोबर कळतं, आणि आपल्याकडून सरांची अपेक्षा किती आहे हेही कळतं. यश खरं हवं. आधी न येणारं, अवघड वाटलेलं काहीतरी आलं पाहिजे, आणि आधी येत नव्हतं याची आठवण शाबूत असली पाहिजे. ही दुसरी अट शाळेत नेहमी निसटते. एकदा एखादी गोष्ट समजली की ती कधी समजत नव्हती हेच आपण विसरतो. मुलं तर लगेच विसरतात. धडा संपतो, पान उलटतं, नवा धडा पुन्हा अवघड. मुलाच्या बाजूने बघा: शाळा म्हणजे न येणाऱ्या गोष्टींची न संपणारी रांग. आलेल्या गोष्टी मागे पडून दिसेनाशा होतात.

यावर मी जे करत आले ते अगदी साधं आहे. नवा घटक सुरू करायच्या आधी त्या घटकाच्या शेवटी यायला हवेत असे तीन-चार प्रश्न एका कागदावर देते. मार्क नाहीत, वेळेची सक्ती नाही. सूचना दोनच: जमेल तसं करा, आणि जिथे अडलं तिथे रेघ मारून 'इथे अडलो' असं लिहा, शक्य असेल तर का अडलो तेही. कागद गोळा करून ठेवून देते. तपासत नाही, पण वाचते जरूर. कारण शिकवायचं कुठून हे त्यातून कळतं. घटक संपला की तेच प्रश्न नव्या कागदावर. सगळ्यांचं लिहून झालं की मग जुना कागद परत हातात देते.

त्या वेळी वर्गात जे होतं ते तुम्ही एकदा बघाच. अपूर्णांकांच्या बेरजेचं उदाहरण घेऊ. पहिल्या कागदावर अर्ध्याहून अधिक वर्गाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलेलं असतं; वरच्यात वरचा, खालच्यात खालचा. तीन आठवड्यांनी ते बघताना कुणीतरी ओरडतं, 'बाई, हे तर अर्ध्यापेक्षा कमी आहे! मिळवल्यावर कमी कसं होईल?' हे वाक्य मी शिकवलेलं नसतं. स्वतःच्याच जुन्या उत्तराकडे बघून ते सुचलेलं असतं. काल आपण काय विचार करत होतो आणि आज काय करतोय, हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघता येणं म्हणजेच स्वतःला शिकताना पाहणं. त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

पण इथे थांबलात तर अर्धंच काम होतं. दोन्ही कागद समोर ठेवून मी दोन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगते. पहिला, काय बदललं? दुसरा, ते बदलायला तू काय केलंस? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आणि जास्त अवघड आहे. पहिल्या वेळी उत्तरं येतात ती ठरलेली: 'मी खूप अभ्यास केला', 'मी लक्ष दिलं', 'बाईंनी छान शिकवलं'. ही स्वीकारू नका. प्रेमाने, पण टोकत राहा. एका मुलाशी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

'लक्ष दिलं म्हणजे काय केलंस?'
'ऐकलं.'
'ऐकत तर तू पहिल्या दिवशीपण होतास. मग कधी कळलं?'
'ती पट्टी काढली ना, तेव्हा.'
'कोणती पट्टी?'
'कागदाची. एकाच लांबीच्या दोन घेतल्या, एकीचे दोन भाग, एकीचे तीन. मग तुकडे सारखे नाहीत हे दिसलं. सारखे करायला सहा करावे लागले.'
'हे कुणी सांगितलं होतं?'
'कुणी नाही. मीच करून बघितलं.'

'मीच करून बघितलं' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले की मी त्याला ते तसेच लिहायला सांगते. पुढच्या घटकात तो अडला की त्याला हीच ओळ दाखवता येते: मागच्या वेळी अडला होतास तेव्हा चित्र काढून बघितलं होतंस, इथे काढता येईल का? आता धीर मी देत नाही, त्याचाच जुना कागद देतो. आणि तो कागद खोटं बोलतोय असं त्याला म्हणता येत नाही.

शाबासकीबद्दलही इथेच बोलते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यात ती अडखळली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेल्यांची कामगिरी घसरली, मेहनतीची मिळालेल्यांची सुधारली. कारण उघड आहे. यश म्हणजे हुशारी, असं ठरलं की अपयश म्हणजे हुशारी नाही असंच होतं.

पण यातून 'मेहनतीची स्तुती करा' एवढाच धडा घेतला जातो, त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चुकीच्या पद्धतीने रात्ररात्र घोकणाऱ्या मुलीला 'आणखी मेहनत घे' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. ती मेहनत घेतेच आहे. तिला हवाय तो दुसरा मार्ग. म्हणून मी मेहनतीचं नाव न घेता तिने जे प्रत्यक्ष केलं त्याचं नाव घेते: 'उत्तर आल्यावर तू ते उलट तपासून पाहिलंस, म्हणून चूक सापडली.' आपण काय केलं की काम होतं, हे मुलाला त्यातून कळतं आणि ते पुन्हा करता येतं. 'शाब्बास, छान' पुन्हा करता येत नाही.

बुद्धी वाढवता येते हे मुलांना नुसतं सांगण्याचा परिणाम किती, हेही मोजलं गेलंय. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झालेला मोठा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभरापेक्षाही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ होता. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत सुधारणा झाली, पण थोडी. आणि जिथे अवघड काम अंगावर घेणं बरोबरीच्या मुलांत मानाचं समजलं जात होतं तिथे ती जास्त दिसली. मला यात आश्चर्य वाटत नाही. विचार सांगून रुजतो तो वर्गात रोज जे घडतं त्याच्याशी तो जुळत असेल तर.

रोज काय घडतं, यात सर्वांत आधी बघा ते चुकीच्या उत्तरानंतरचे दहा सेकंद. 'चुका करायला घाबरू नका' असं आपण सगळेच म्हणतो. मग मुलगा चुकीचं उत्तर देतो, आपण 'हं... दुसरं कोणी?' म्हणतो, पुढच्या बाकावरून बरोबर उत्तर येतं, आपला चेहरा उजळतो, तास पुढे सरकतो. वर्गाने त्या दहा सेकंदांत खरं काय ते शिकून घेतलं. मी चुकीचं उत्तरही बरोबर उत्तरासारखंच, त्याच चेहऱ्याने फळ्यावर लिहिते आणि वर्गाला विचारते, 'हे उत्तर देणाऱ्याने काय विचार केला असेल?' कुणाचं उत्तर हे महत्त्वाचं राहत नाही, विचार महत्त्वाचा होतो. २/५ मागचा विचार शोधून काढणं हे तर वर्गाला कोड्यासारखं आवडतं. बरोबर उत्तरांनाही हाच प्रश्न विचारा. फक्त चुकीच्या उत्तरालाच 'कसं काढलंस?' विचारलं तर मुलं तो इशारा लगेच ओळखतात.

याच्याच जोडीला थांबणं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांचा अभ्यास करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, वर्गासमोर उभं राहून फार मोठे वाटतात. मनात मोजा. हात वर करायला सांगण्याऐवजी आधी सगळ्यांना वहीत लिहू द्या, मग कुणालाही विचारा. झटपट उत्तर देणाऱ्या चौघा-पाचांच्या जोरावर वर्ग चालला की बाकीचे प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षकाला आपण शिकतोय असं कसं वाटेल?

आता अभ्यासाच्या पद्धतीकडे येते, कारण तुमच्या 'चांगल्या' मुलांचा प्रश्न इथे आहे. स्वतःला शिकणारं मानायचं तर आपल्याला काय येतं आणि काय नाही याचा अंदाज बरा हवा. आणि तो अंदाज सहज चुकतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६चा प्रयोग मी वरच्या वर्गांना आवर्जून सांगते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि नंतर तीनदा तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती! पान ओळखीचं वाटणं म्हणजे ते येणं, असा भ्रम होतो. मोठ्यांचाही होतो.

म्हणून तासाची शेवटची पाच मिनिटं मी वह्या मिटायला लावते. आज काय झालं ते आठवून लिहा, शेजाऱ्याशी न बोलता. मग वही उघडा आणि जे राहिलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरा. तो दुसरा रंग म्हणजे आज घरी काय करायचं याची यादी, प्रत्येकाची वेगळी. मी दिलेला गृहपाठ आणि स्वतःला सापडलेला गृहपाठ यात मुलाच्या दृष्टीने फार फरक असतो. काही आठवड्यांत मुलं एकमेकांना 'तुझा लाल किती?' विचारू लागतात. तिथे जरा सांभाळा, नाहीतर लाल कमी दाखवायची चढाओढ सुरू होते. मी तेव्हा सांगते की लाल रंग मी मोजत नाही, आणि खरोखर मोजत नाही.

चाचणीच्या वेळी आणखी दोन गोष्टी करते. उत्तरपत्रिका देण्याआधी कोपऱ्यात 'मला किती मिळतील असं वाटतं' ते लिहायचं. तपासून परत दिल्यावर एक छोटं टिपण लिहायचं: तयारी कशी केली, चुका कुठल्या प्रकारच्या झाल्या (माहीतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, प्रश्नच नीट वाचला नाही), पुढच्या वेळी काय वेगळं करणार. ही टिपणं गोळा करून ठेवते आणि पुढच्या चाचणीच्या आठवडाभर आधी परत देते. हे परत देणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि त्याशिवाय सगळा खटाटोप कागदावरच राहतो. 'प्रश्न नीट वाचीन' असं स्वतः लिहिलेलं मूल जेव्हा ते वेळेवर वाचतं, तेव्हा त्याला स्वतःच्या अभ्यासाची सूत्रं हातात असल्यासारखी वाटतात.

मार्कांबद्दल. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. एका गटाला नुसते मार्क दिले, एकाला नुसते शेरे, एकाला दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी दोन्ही वाढली. दोन्ही मिळालेल्यांत शेऱ्यांचा फायदा जणू पुसला गेला. ती मुलं नुसते मार्क मिळालेल्यांसारखीच राहिली. मार्क दिसला की नजर तिथेच अडते. शाळेत मार्क द्यावे लागतात, ते टाळा असं मी म्हणणार नाही. पण ते आधी आपल्या नोंदवहीत टाका, मुलांच्या हातात पहिल्यांदा शेऱ्यांचीच वही द्या, शेऱ्यावर काम करायला अर्धा तास द्या, आणि मार्क दुसऱ्या दिवशी सांगा. शेराही असा हवा की त्यावर काहीतरी करावंच लागेल. 'अक्षर सुधारा, काळजीपूर्वक सोडवा' यावर काय करणार? 'या पाचांपैकी दोन चुकली आहेत, शोध आणि दुरुस्त कर' यावर मूल लगेच कामाला लागतं, आणि तुमचा तपासायचा वेळही वाचतो.

वही मिटणाऱ्या मुलांबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दलची काळजी मला सर्वांत जास्त जाणवली. कोरं पान देणारं मूल बऱ्याचदा आळशी नसतं. प्रयत्न करून चुकणं आणि प्रयत्नच न करणं यात दुसरं त्याला सुरक्षित वाटतं, कारण मग 'केलं असतं तर आलं असतं' म्हणायची जागा उरते. त्याला 'काय समजलं नाही?' विचारू नका. 'काहीच नाही' हे एकच उत्तर येईल. त्याऐवजी प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि जिथपर्यंत अर्थ लागला तिथे पेन्सिलने उभी रेघ मारायला सांगा. जवळजवळ प्रत्येक वेळी रेघ वाक्याच्या मध्ये कुठेतरी पडते, सुरुवातीला नाही. म्हणजे 'काहीच नाही' हे खरं नव्हतं. 'इथपर्यंत तुला आलं, अडलंय ते इथे' असं म्हणून रेघेच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवा. एवढ्याने ते मूल लगेच गणित सोडवेल असं नाही. पण 'मला गणित येत नाही' याचं 'मला हा शब्द कळला नाही' झालं, आणि शब्दाचं काहीतरी करता येतं.

अशा मुलाची वही तपासताना आपण हळूच मवाळ होतो, चुका कमी दाखवतो, 'प्रयत्न चांगला' लिहितो. ते करू नका. अमेरिकेत सातवीच्या मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निबंधांवर भरपूर टीका करून सोबत एक चिठ्ठी लावली होती. माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस म्हणून हे शेरे देतेय, अशा अर्थाची. त्या चिठ्ठीमुळे निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि सर्वांत जास्त वाढलं ते शाळेवर फारसा भरवसा न उरलेल्या कृष्णवर्णीय मुलांत. कडक शेऱ्याचा अर्थ मूल स्वतः लावत असतं: बाईंना मी आवडत नाही, की बाईंना वाटतं मला जमेल? तो अर्थ आपणच सांगून टाकलेला बरा. मात्र ती चिठ्ठी खरी हवी. सुधारायला वेळ दिला नाही, सुधारलेलं वाचलं नाही, तर दुसऱ्यांदा ती चालणार नाही.

'परीक्षेला आहे का?' या प्रश्नावर चिडू नका. जिथे मार्कांवर पुढचं सगळं ठरतं तिथे तो शहाणा प्रश्न आहे. सरळ उत्तर द्या. आहे किंवा नाही. आणि त्याच मुलांना अधूनमधून असं उदाहरण द्या ज्याचं उत्तर तुम्हीही आधी काढून ठेवलेलं नाही, आणि फळ्यावर त्यांच्यादेखत मोठ्याने विचार करत सोडवा: 'इथे मला कळत नाहीये, आधी छोटी संख्या घेऊन बघते... हे जुळत नाही, म्हणजे गृहीतक चुकलं.' नेहमी पहिल्या झटक्यात उत्तर देणाऱ्या मुलांनी विचार करणारा माणूस अडखळताना क्वचितच पाहिलेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा अडलं की त्यांना वाटतं आपली हुशारी संपली.

निवडीचा अधिकार थोडा-थोडा द्या. आठ उदाहरणांतली कुठलीही पाच, किंवा पुनर्चाचणी या आठवड्यात की पुढच्या. पण स्वतःचं काम स्वतः तपासायला सांगायच्या आधी चांगलं काम कसं दिसतं ते दाखवा. निनावी दोन उत्तरं, एक बरं आणि एक उत्तम, शेजारी लावून फरक काढायला लावा. त्याशिवाय स्वयंमूल्यमापन म्हणजे अंदाजपंचे मार्क.

आतापर्यंतचं सगळं एकदम सुरू करू नका. जुना कागद-नवा कागद आणि शेवटची पाच मिनिटं, या दोनच गोष्टी एका वर्गात, एका घटकासाठी करा. पहिल्या घटकात मुलं गोंधळतील, 'बाई, याला मार्क आहेत का?' विचारतील, 'काय बदललं' याखाली 'सगळं' असं लिहून देतील. दुसऱ्या घटकात काहींची उत्तरं लांब होतील. फरक पडतोय का हे बघायचं असेल तर मुलं कुठले प्रश्न विचारतात ते कान देऊन ऐका. 'उत्तर काय?' कमी होऊन 'इथे छेद सहाच का घेतला, बारा चालेल का?' असे प्रश्न येऊ लागले, की समजा गाडी रुळावर आहे. (बारा चालतो, आणि तो का चालतो यावर अख्खा तास जाऊ द्या.)

दोन-तीन घटकांनंतरही एखाद्या मुलाच्या दोन कागदांत काहीच फरक दिसत नसेल, तर त्याच्याशी आत्मविश्वासाबद्दल बोलू नका. त्याचे कागद घेऊन बसा आणि रेघ कुठे पडतेय ते बघा. दर वेळी शाब्दिक उदाहरणांतच पडत असेल तर त्याचं वाचन तपासा, त्याला तो प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत सांगून बघा. आकडेमोडीत पडत असेल तर दोन-तीन इयत्ता मागचं काय राहिलंय ते शोधा. भागाकार किंवा स्थानिक किंमत, बहुधा यातलं काहीतरी निघतं. तेवढ्यापुरतं त्याला वेगळं शिकवा, आणि त्यासाठीही पहिला कागद नव्याने घेऊन ठेवा.